‘बाई, मुलं कागदावर खरं लिहितात का?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मुलांना मुलांकडूनच होणारा त्रास किती, हे मोजायला मी मुंबईतल्या शाळांमध्ये प्रश्नावली घेऊन जाते. वरचा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालकसभेत येतो.

लिहितात. फक्त विचारता आलं पाहिजे. ‘तुझ्यावर कुणी दादागिरी करतं का?’ म्हटलं की वर्गच्या वर्ग ‘नाही’वर खूण करतो, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे नाक्यावरचा दादा असतो. म्हणून एकेक विचारायचं. डबा पळवला? खेळायला घेतलं नाही? रंगावरून चिडवलं? आणि किती वेळा? मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी नॉर्वेत तयार केलेल्या प्रश्नावलीत गेल्या दोनेक महिन्यांचंच विचारतात. महिन्यातून २-३ वेळा किंवा जास्त झालं असेल तर त्या मुलाचा छळ होतोय असं धरतात. तोडीस तोड दोघांची मारामारी त्यात येत नाही. नाव लिहायचं नसतं. एका बेंचवर तिघं असली की आम्ही मध्ये दप्तरं उभी करतो.

खरी कसोटी असते ती दुसऱ्याला त्रास होताना बघणाऱ्या मुलांची. ‘तू काय करशील?’ विचारलं तर सगळेच ‘थांबवीन’ म्हणतात, आणि तेव्हा ते मनापासूनच म्हणत असतात. म्हणून मी विचारते, ‘मागच्या वेळी काय केलंस?’ कॅनडात मैदानावर कॅमेरे लावून आणि मुलांच्या अंगावर माइक अडकवून पाहिलं होतं. २००१ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं हजर होती, मध्ये पडली फक्त १९ टक्क्यांत. पण पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा त्रास दहा सेकंदांत थांबला! हे मी प्रत्येक शिक्षकाला सांगते.

फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी बघणाऱ्यांतही भेद केला: त्रास देणाऱ्याला साथ देणारे, हसून त्याला चेव आणणारे, त्रास होणाऱ्याची बाजू घेणारे, लांब राहणारे. आमच्या कागदावरही ‘मी हसले’ असा पर्याय होता. सहावीतल्या एका मुलीने त्यावर खूण केली, खोडली, पुन्हा केली. कागद तिथे पातळ झाला. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, ‘बाई, मी हसले, पण मला हसू आलं नव्हतं. नाही हसलं तर उद्या माझा नंबर. कुठे खूण करू?’

तेव्हापासून ‘भीतीने हसले’ ही ओळ वेगळी छापतो.