वहीतले दोन रकाने

दर फुटबॉल विश्वचषकाआधी मी वहीत दोन रकाने पाडतो. एक 'वाटतं', दुसरा 'हवं'. 'हवं'मध्ये 2010 पासून एकच नाव आहे, नेदरलँड्स. 'वाटतं'मध्ये ते लिहायचा धीर आजवर झालेला नाही.

यंदा 48 संघ, 104 सामने. तिसऱ्या क्रमांकाचे आठ संघही पुढे जाणार, म्हणून बरेच जण गटांचे अंदाज उरकून टाकतात. मी मात्र सगळ्यात जास्त वेळ तिथेच घालवला. आमच्या, म्हणजे नेदरलँड्सच्या, गटातून पहिले आलो, तर बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात 'क' गटातला दुसरा संघ समोर. दुसरे आलो, तर पहिला. आणि त्या गटात ब्राझील आणि मोरोक्को आहेत! 2022 मध्ये उपांत्य फेरी गाठेपर्यंत मोरोक्कोवर एकच गोल झाला होता, तोही स्वयंगोल. त्याआधी आमची सलामी जपानशी, ज्यांनी तेव्हा जर्मनी आणि स्पेन दोघांनाही हरवलं होतं.

विजेता म्हणून मी स्पेन लिहिलं. 2024 च्या युरोत सातही सामने जिंकणाऱ्या संघाला डावलायचं कसं? पण 2010 च्या अंतिम सामन्यात 116 व्या मिनिटाला गोल करून आमचा घास हिरावणाऱ्यांचंच नाव लिहिताना हात जड झाला होता.

ताई 2022 च्या विजेत्या अर्जेंटिनाची चाहती. लागोपाठ दोनदा विश्वचषक फक्त इटलीनं (1938) आणि ब्राझीलनं (1962) जिंकलाय, असं मी सांगितलं. "मग आता तिसरं नाव लिहायची वेळ आली," ती म्हणाली.

2022 ची नेदरलँड्स-अर्जेंटिना उपांत्यपूर्व लढत आम्ही शेजारी बसून पाहिली होती. भरपाई वेळेचं अकरावं मिनिट, बॉक्सच्या तोंडाशी फ्री किक. सगळे थेट फटक्याच्या तयारीत. आमच्या कूपमाइनर्सनं चेंडू जमिनीलगत हळूच आत सरकवला, वेघोर्स्टनं बचावपटू अंगावर असताना तो घेतला, वळला आणि 2-2! मी ताईचा हात गच्च धरला होता. मग पेनल्टी शूटआऊटमध्ये त्यांचा गोलरक्षक मार्तिनेझनं आमच्या पहिल्या दोन्ही पेनल्टी अडवल्या. 2014 च्या उपांत्य सामन्यातही याच अर्जेंटिनानं, पेनल्टीवरच, आम्हाला बाहेर काढलं होतं. 2022 च्या त्या रात्री जिंकूनही ताई ओरडली नाही. माझा हात तिनं बराच वेळ सोडला नाही.

आमची पैज पैशांची नसते. ज्याचा संघ आधी बाहेर पडेल, त्यानं अंतिम सामना दुसऱ्याची जर्सी घालून बघायचा. "तू स्पेन घे हवं तर, तुझ्या वहीत तेच आहे," ताईनं मनापासून सांगितलं. मी नाही म्हटलं. अंदाज डोक्यानं बांधतो, पण पैज माझ्या संघाला सोडून दुसऱ्यावर लावणं मला कधीच जमणार नाही.

काल तिनं निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी माझ्या खुर्चीवर आणून ठेवली. मी घडी न मोडता ती कपाटात ठेवली आणि माझी नारिंगी तिच्या हातात दिली.