मास्तर पुन्हा मेले

दुपारी जेवून जरा आडवा होतो तेवढ्यात कर्ण्याची गाडी गेली. देवळासमोर आज रात्री ठीक साडेदहा वाजता तीन अंकी ऐतिहासिक नाटक! बाराच्या आधी पडदा वर जाणार नाही हे ओरडणाऱ्यालाही ठाऊक आणि ऐकणाऱ्यालाही.

लहानपणी उत्सवाच्या नाटकाला आम्हा पोरांना संध्याकाळीच चटया देऊन जागा धरायला पिटाळत. पुढे बसलं की विंगेतला प्रॉम्प्टर नटाआधी ऐकू येई. खाज्याचा पुडा पहिल्या अंकातच संपे. आमचे पोस्टमास्तर दरवर्षी राजा. एकदा ते राणीच्या मांडीवर डोकं टेकून प्राण सोडत होते, राणी (म्हणजे सोसायटीतला कारकून) हंबरडा फोडत होती, आणि कर्ण्यावर पुकारा झाला: मास्तरांच्या अभिनयावर खूश होऊन भाटकारांकडून (म्हणजे गावच्या जमीनदारांकडून) ५१ रुपये! मास्तर उठले, हात जोडले, पाकीट अंगरख्यात सारलं आणि पुन्हा मेले. कुणी हसलं नाही. राणीनं हंबरडा सोडला होता तिथूनच उचलला.

शहाणी माणसं याला रसभंग म्हणतात. म्हणोत. सकाळी त्याच मास्तरांकडून मनिऑर्डर घ्यायची, त्यामुळे नाटक कसं झालं ते तोंडावर सांगावं लागे. तिकीट काढलं की ही भीड जाते. खुर्चीबरोबर नटही तीन तासांसाठी आपलाच झाला, अशा थाटात लोक अंधारात मोबाइल उजळतात. मी पडेल नाटकातूनही मध्यंतराशिवाय उठत नाही. उठणाऱ्याची पाठ रंगमंचावरून दिसते म्हणे.

पणजीच्या कला अकादमीत वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी नाट्यगृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांकडून प्रेक्षकच रंगवून घेतले. खोकणं नाही, फोन नाही, पेंगणं नाही. पण नुसत्या त्यांच्यासमोर एक अंक तरी करून दाखवा म्हणावं!

बालगंधर्वांची गोष्ट आपण फार अभिमानानं सांगतो. १९११ साली मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली, आणि तरी ते उभे राहिले. नटाची निष्ठा खरीच. पण सांगणारे आपण सगळे खुर्चीतले. ‘आज राहू द्या, आम्ही पुन्हा येऊ’ हे बोलायचं काम आपलं होतं ना? मी बोललो असतो का, देव जाणे. बहुधा पुढची रांग धरून बसलो असतो. वन्स मोअरही मागितला असता.