साडीला 'पालघट' म्हणण्याआधी

वारली नक्षीच्या साड्या-ओढण्यांना नाव शोधताना हात आधी देवाकडे जातो. पालघट, हिरवा, कणसरी, वाघदेव. नावं गोड आहेत, पण यातलं एकही कापडाला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

लग्नघराची भिंत शेणाने सारवून, गेरूने रंगवून घेतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवतात, बांबूच्या काडीचं टोक चावून त्याचा कुंचला करतात आणि सवाष्णी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी देवचित्र, लिहितात. मधोमध पालघट देवी, शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पाच शिरांचा देव पंचशिऱ्या. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणून देवांना बोलावते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. साडी मात्र धुतली जाते, बसताना अंगाखाली येते, जुनी झाली की तिचं फडकं होतं. त्या फडक्यावर देवीचं नाव कुणाला बघवेल?

मग नाव घ्यायचं कुठून? शेतातून, झाडातून, नाचातून. पण नाव आणि चित्र जुळलं पाहिजे, आणि इथेच जास्त घोटाळे होतात. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य. तारपा नाचात वादक मध्ये असतो, त्याच्याभोवती नाचणाऱ्यांची वेटोळी साखळी, आणि तारप्याकडे कुणी पाठ करत नाही. तीन-चार इंचांच्या काठात हे वेटोळं मावत नाही, म्हणून छपाईवाला ते उलगडून सरळ रांग करतो आणि वादकच गाळतो. त्या काठाला 'तारपा' म्हणणं चूक आहे. तारपा पदरावर घ्या. तिथे जवळपास मीटरभर जागा मिळते, वेटोळं अख्खं बसतं. काठाला आवणी, म्हणजे भाताची लावणी, शोभते: वाकलेल्या बायकांची ओळ कितीही वेळा पुढे नेली तरी अर्थ मोडत नाही.

नाव ठरवलं की ते चित्रासकट धवलेरी आणि पाड्यावरच्या जाणत्यांना दाखवा, एका नव्हे निदान दोन गावांत. डहाणू-तलासरीकडचा शब्द जव्हार-मोखाड्याकडे वेगळा निघू शकतो. नुसतं नाव विचारलं तर माणसं भिडेपोटी हो म्हणतात; चित्र समोर ठेवलं की चूक लगेच दाखवतात. चित्र त्यांचं असेल तर मोबदला आणि नाव छापण्याची अट लेखी करा, छपाई सुरू होण्याआधी.

कायद्याचंही थोडं. ट्रेडमार्क घ्यायचा तर कापड वर्ग २४ मध्ये, तयार कपडे वर्ग २५ मध्ये येतात. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९(२) नुसार धार्मिक भावना दुखावणाऱ्या नावाची नोंदणी होत नाही. 'रामायण' हे नाव अगरबत्तीसाठी एकट्याच्या मालकीचं होऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटलं आहे. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या त्या कलेसाठी राखलेलं आहे, त्यामुळे यंत्रावर छापलेल्या मालावर 'अस्सल वारली चित्र' लिहू नका. 'वारली शैलीची छपाई' लिहा.

आणखी एक, ऑनलाइन विकणाऱ्यांसाठी: 'ट्रायबल' हे नाव नव्हे. त्यातून कुठली जमात, कुठलं गाव, काहीच कळत नाही.

साडीला लावायच्या चिठ्ठीवर एवढं पुरे: 'आवणी. भातलावणीची ओळ. सुती, हाताने रंगवलेली.' खाली चित्रकाराचं नाव, पाडा, तालुका. आणि हे अक्षर किमतीच्या अक्षराहून लहान नको.