मारुती ८०० इंजिन रिबिल्ड: टॅपेट कव्हर बसलं

मंडळी, हेड टाइट झालं, टायमिंग बेल्ट चढला आणि या रविवारी टॅपेट कव्हर (हेडवरचं झाकण) पण बसलं, म्हणजे आपलं ७९६ सीसीचं इंजिन वरून एकदाचं बंद झालं!

कव्हर रंगवायला वागळे इस्टेटला नेलं होतं, तिथे ब्लास्टिंग (बारीक कणांचा जोरात मारा करून साफ करणं) करून पावडर कोटिंग मारून देतो म्हणाले, पण मी ब्लास्टिंगला सरळ नाही सांगितलं. कव्हरच्या आत ब्रीदरखाली (इंजिनातला गॅस बाहेर सोडायची वाट) जो पत्रा असतो ना त्याच्यामागे ते बारीक कण जाऊन बसतात, कितीही हवा मारा, धुवा, थोडे राहतातच, आणि इंजिन चालू झालं की तेलाबरोबर खाली उतरून नवीन बेअरिंगची वाट लावतात. नुसत्या चकाकीसाठी एवढी रिस्क घेऊच नये. मग रॉकेलमध्ये भिजत घातलं, ब्रशने घासलं, सँडपेपर मारला आणि हीटप्रूफ स्प्रे. पॅकिंग बसतं त्या कडेला मात्र टेप लावून रंग अजिबात जाऊ दिला नाही, तिथला रंग पुढे सुटतो आणि तेल तिथूनच पाझरायला लागतं.

ब्रीदरचा पाइप पण नवीन टाकला. हे मुद्दाम लिहितोय, कारण बरेच जण पॅकिंगवर पॅकिंग बदलत बसतात आणि ब्रीदर चोक आहे हे कोणी बघतच नाही. पिस्टनच्या बाजूने खाली येणाऱ्या गॅसला बाहेर पडायला वाट नसेल तर आतलं प्रेशर वाढतं आणि तेल पॅकिंगमधून ढकललं जातं, मग पॅकिंग कितीही भारी असू दे.

कव्हर लावायच्या आधी टॅपेटची गॅप परत चेक केली. तीन सिलिंडर, फायरिंगचा क्रम १-३-२, त्यामुळे क्रँक २४० अंश फिरवला की पुढचा सिलिंडर येतो, सोपं आहे. फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) थोडा अडकत सरकला पाहिजे. मग कॅमवर आणि रॉकरवर सढळ हाताने तेल ओतलं.

पॅकिंग रबराचं, कोरडंच बसवलं. सिलिकॉन फक्त कोपऱ्यात आणि जिथे दोन भाग जुळतात तिथे, तेही मुगाच्या दाण्याएवढं, सगळीकडे फासलं तर आत दाबला गेलेला तुकडा सुटून तेलाच्या जाळीत जाऊन अडकतो. आणि हे सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच सुकतं, ठाण्याच्या पावसाळ्यात तर लावल्या लावल्या वर साय धरते, म्हणून कव्हर, बोल्ट, पाना सगळं हाताशी ठेवूनच ट्यूब उघडा.

बोल्ट आधी सगळे बोटांनी लावले, मग छोट्या टी पान्याने मधून बाहेर, आलटून पालटून, थोडं थोडं. रबर वॉशर पण नवीन टाकले. इथे ताकद लावायचं कामच नाही, जास्त आवळलं की रबर बाहेर येतं, कव्हरची कड वाकते, आणि हेड अॅल्युमिनियमचं आहे, आटा गेला की हेलिकॉइल (नवीन आट्यासाठी तारेची स्प्रिंग) मारायला परत लेथवाल्याकडे. लीक दिसला की अजून एक पीळ मारायची जी सवय असते ना, तिच्यानेच लीक वाढतो.

पुढच्या वेळी कॉइलची वायर काढून ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारणार आणि मग पहिलं स्टार्ट. त्याआधी डिस्ट्रिब्युटर (प्लगना करंट वाटणारा) लावायचा बाकी आहे, कोणी कार्ब्युरेटरवाल्या ८०० चं इग्निशन टायमिंग घरीच टायमिंग लाइटने लावलं असेल तर फोटो टाका प्लीज.