पट्टी उतरली, बाकी काही नाही

गेल्या बुधवारी पाचपाखाडीतल्या आमच्या कराओके ग्रुपात सूत्रसंचालन करणाऱ्या पोराने माझी ओळख करून दिली, "आपल्या सगळ्यांच्या लाडक्या नकलाकारांच्या सौभाग्यवती! यांनी संसारासाठी गाण्याचा त्याग केला." टाळ्या पडल्या. ट्रॅक सुरू व्हायच्या आधीच माझा मूड गेला.

त्याग कसला डोंबलाचा? पोरं लहान, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ऑर्केस्ट्रातून रात्री दोनला घरी येणं दोघांपैकी एकालाच परवडत होतं. यांना सुपाऱ्या जास्त, एका नाइटचे पैसेही जास्त. माझं गाणं राहिलं ते राहिलंच.

घरी येताना तलावपाळीला रिक्षा अडकली तेव्हा मला डोलोरेस होप आठवली. भाचीकडे अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बरबँकला गेले होते तेव्हा ही बाई मला सापडली. तिथल्या विमानतळाला २००३ साली बॉब होपचं नाव दिलेलं. हा कोण म्हणून विचारलं तर भाची म्हणाली, "मावशी, आपल्या काकांसारखाच, लोकांना हसवणारा. फक्त हा युद्धावरच्या सैनिकांपुढे जाऊन कार्यक्रम करायचा." मी विचारलं, आणि बायको? भाचीला ठाऊक नव्हतं. मग मीच शोधत बसले.

डोलोरेस १९०९ सालची, न्यूयॉर्कच्या हार्लेमची. डोलोरेस रीड या नावाने क्लबांत गायची. १९३३ मध्ये मॅनहॅटनच्या व्होग क्लबात बॉबने तिला ऐकलं. तिला वाटलं, हा ब्रॉडवेच्या नाटकात मागे नाचणाऱ्यांपैकी कुणी असेल. नाटक बघायला गेली तर साहेब मोठ्या भूमिकेत! (आमच्याकडे उलटं झालं. मला वाटलं होतं, हे फार मोठे कलाकार आहेत.) १९३४ मध्ये लग्न, थोडे दिवस त्याच्या कार्यक्रमात गाणं, मग दत्तक घेतलेली चार मुलं आणि वर्षातले कितीतरी महिने दौऱ्यावर असणारा नवरा.

इथे थांबलं की झाली त्यागाची गोष्ट तयार. पण ही बाई १९६८ मध्ये एका रुग्णालयाची अध्यक्ष झाली. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, रँचो मिराजला, आयझेनहॉवर मेडिकल सेंटर. होप नवरा-बायकोने त्याला ८० एकर जमीन दिली होती, बॉबच्या नावाच्या गोल्फ स्पर्धेचा पैसाही तिकडे जायचा. रुग्णालय १९७१ मध्ये उघडलं. फीत कापून घरी गेली असती तर कुणी काही म्हटलं नसतं. ती पुढे वर्षानुवर्षं रुग्णालयाच्या संचालक मंडळाचा कारभार बघत राहिली. मला हे नीट कळतं. आमचे हे दरवर्षी एका वृद्धाश्रमासाठी एक कार्यक्रम फुकट करतात. स्टेजवर चेक देतानाचा फोटो यांचा. तिकिटं किती गेली, साउंडवाल्याचे किती द्यायचे, चादरी किती घ्यायच्या, हे सगळं माझ्या वहीत. आणि खरं सांगते, त्या वहीत मला स्टेजइतकीच मजा येते.

१९९० मध्ये बॉब आखातात सैनिकांसाठी कार्यक्रम करायला गेला. बरोबरच्या गायिकांना सौदीत गायची परवानगी नव्हती. गायली ती एकटी डोलोरेस, वय ८१. आजीबाईंना कोण अडवणार? त्यानंतर, त्र्याऐंशी उलटल्यावर, तिने पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केलं. एक नाही, बरेच अल्बम. ते मी यूट्यूबवर ऐकते. आवाज जुना झालाय, पण शब्दावर टेकते कशी, घाई म्हणून नाही. बॉब शंभर वर्षांचा होऊन गेला, ही १०२ वर्षांची होऊन, २०११ मध्ये.

मी अडुसष्ट वर्षांची. पेटीच्या काळी चार पट्टीत गायचे, आता खालच्या काळी दोनला गाते. पट्टी उतरली, बाकी जागच्या जागी आहे.

काल त्या पोराला फोन केला. म्हटलं, "हे बघ बाळा, पुढच्या वेळी माझं नाव सांग, गाणं सांग आणि ट्रॅक काळी दोनचा लाव. बस."

"पण काकू, काकांचं नाव घेतलं की टाळ्या जास्त पडतात."

हे शेजारीच चहा पीत होते. म्हणाले, "अगं, त्याला सांग, मी येतो थर्मास घेऊन. तिसऱ्या रांगेत बसेन."