तुम्ही विचारलंत म्हणून: थर्मोस्टॅट परत का बसवला

अड्ड्यावर, पंपावर, घरच्या लग्नात, जो भेटतो तो हेच विचारतो. ज्या वस्तूपायी भाच्याचा हात भाजला ती गाडीत परत का बसवलीस? आणि गावात मिस्त्री असताना स्वतःच्या अंगणात का? काढून टाकायची होती, सगळे तसंच चालवतात. चार वर्षं मी "जाऊ द्या" म्हणत टाळलं. आता एकदा सगळं सांगून टाकतो. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातलं पाणी पुरतं तापलं की ते गार व्हायला रेडिएटरकडे सोडणारी झडप.

सगळे तसंच चालवतात हे मला कोणी सांगायला नको. आधीच्या गाडीतला थर्मोस्टॅट मीच उस्तादाच्या शब्दावर काढून फेकला होता. थंडीत पहाटे लासलगावहून कांदा भरून निघालो की ओझर येईपर्यंत तापमानाचा काटा जागचा हलायचा नाही, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. डिझेल इंजिनाला ऐंशी अंशांच्या पुढचं गरम पाणी लागतं, हे तेव्हा माहीत नव्हतं. इंजिन गार राहिलं की डिझेल पुरतं जळत नाही. न जळलेलं डिझेल लायनरवरचं, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो तिच्यावरचं, ऑइल धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं, लायनर-पिस्टन घासतात, अव्हरेज पडतो. ते इंजिन वेळेआधी ऑइल खायला लागलं तेव्हा मी डिझेलमधल्या भेसळीला शिव्या दिल्या. शिवाय बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करत जातो. तो काढला की ती वाट कायमची उघडी राहते, आणि बरंचसं पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनातल्या इंजिनात फिरतं. मग तीच गाडी थंडीत गारठते आणि घाटात तापते.

म्हणून ही गाडी घेतली तेव्हा मी थर्मोस्टॅट राहू दिला. समजून उमजून.

मे महिना होता, दुपारचे दोन. न्हावा शेवाहून सिन्नरला निघालेली भरलेली गाडी. कसारा घाटाच्या चढावर काटा लालमध्ये गेला. गाडी कडेला घेतली. वरचा होज पाईप चटका देत होता, रेडिएटर खालून जवळजवळ गार, आणि आत खदखद चाललेली. म्हणजे गरम पाणी रेडिएटरमधून पुरतं फिरत नव्हतं. मी म्हणालो, "बघ रे, पाणी किती आहे," आणि चाकाला दगड लावायला मागे गेलो. भाचा एकोणीस वर्षांचा, माझ्याबरोबर क्लीनर म्हणून यायला लागून दोन महिने झाले होते. त्यानं गोणपाट ओलं केलं, रेडिएटरच्या झाकणावर टाकलं आणि फिरवलं.

झाकण बंद असतं तोवर आत दाब असतो, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही पाणी पाणीच राहतं. झाकण सैल झालं की क्षणात त्याची वाफ होते आणि उरलेलं उकळतं पाणी ती बाहेर फेकते. हे मला माहीत होतं. त्याला मी कधी सांगितलं नव्हतं. उजवा हात कोपरापर्यंत आणि मानेची एक बाजू भाजली.

पुढचं मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. केबिनमध्ये वीस लिटरचा पाण्याचा कॅन होता, भरलेला. त्यातलं दोन तांबे पाणी मी त्याच्या हातावर ओतलं आणि थांबलो. इंजिनला लागेल म्हणून थांबलो. मागून आलेल्या गाडीतल्या ड्रायव्हरनं टूथपेस्ट दिली, ती मी माझ्या हातानं फासली, आणि त्याच्याच गाडीतून आम्ही इगतपुरीला गेलो. डॉक्टरांनी पेस्ट धुऊन काढताना पोरगा जो ओरडला तो आवाज माझ्या कानातून जात नाही. वीस मिनिटं साधं पाणी सोडायचं होतं, ते म्हणाले. कॅन गाडीत अठरा लिटर भरलेला तसाच होता.

आता अंगणाचं. मी तीन गॅरेज फिरलो. तिन्हीकडे एकच उत्तर, काढून टाका. मग नवा थर्मोस्टॅट आणि पॅकिंग घेऊन घरी आलो. गाडी रात्रभर गार होऊ दिली, सकाळी कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं औषध घातलेलं पाणी, टबात काढलं. ते चवीला गोड असतं, कुत्रं प्यायलं तर मरतं, म्हणून टब लगेच झाकला. वरच्या होजमागचं हौसिंग, म्हणजे थर्मोस्टॅटचं घर, खोललं. जुना आणि नवा दोन्ही तारेला बांधून एका जुन्या पातेल्यातल्या पाण्यात सोडले, तळाला टेकणार नाहीत असे. पाणी उकळायच्या आधीच नवा चांगला उघडला. जुना काडीभर किलकिला झाला आणि तिथंच अडकला. आतलं मेण गरम झालं की फुगतं आणि झडपेला ढकलतं, एवढंच त्याचं काम. भाचा पायरीवर बसून बघत होता, हाताला पट्टी. मी त्याला बोलावलं नव्हतं.

जुनं पॅकिंग खरवडायलाच तास गेला. स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, हवा सुटायचं भोक वर, बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत. कुलंट भरून गाडी चालू केली. बराच वेळ वरचा होज गार, आणि मग एकदम गरम. भाच्यानं डावा हात लावून पाहिला.

मिस्त्रीला जमलं नसतं असं मी म्हणत नाही. ते काम माझ्या हातून व्हायला हवं होतं, एवढंच. पण त्या जुन्या थर्मोस्टॅटवरच सगळं टाकावं का, हेही मला ठरवता येत नाही. त्याच दिवशी रेडिएटर बाहेरून धुतला तर जाळीतून चिखल आणि किड्यांचा नुसता लगदा निघाला. रेडिएटर बाहेरून चोंदला तरी गाडी तापते, आणि आतून चोंदला असला तर तो खालून गारच लागतो. नवा थर्मोस्टॅट बसवून चार उन्हाळे घाट चढलोय, काटा लालला गेला नाही. ते कशामुळे, सांगता येत नाही. काढून टाकला असता तर ती दुपार आली नसती, असं तुम्ही म्हणता तेव्हा माझ्याकडे उत्तर नसतं. तरी काढणार नाही.

भाचा म्हणतो, मामा, तू मला झाकण उघडायला सांगितलंच नव्हतंस, मीच उघडलं. माझे शब्द मला आठवतात. ताईनं मात्र अजून एकदाही विचारलेलं नाही, आणि कॅनचं तिला माहीत नाही.