बोअरची मोटर काढायच्या आधी वर बघा

बोअर बहुतेकदा बांधाला असतं, आणि विजेची लाईनही बांधाबांधानंच गेलेली असते. मोटर जळली की पाण्याची घाई असते. तिपाई उभी राहते, चेनपुली अडकवली जाते, आणि डोक्यावरच्या तारांकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मोटर ज्याला टांगलेली असते तो जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप २० फुटी, म्हणजे ६.१ मीटर. शेतावरून जाणारी ११ केव्हीची (११ हजार व्होल्टची) उघडी तार नियमानं जमिनीपासून किमान ४.६ मीटर वर हवी. म्हणजे लाईन अगदी नियमात असली तरी उभा पाइप तिच्यापेक्षा दीड मीटर उंच भरतो! त्यात उन्हाळ्यात तारा तापून झोळ वाढतो.

सगळ्यात घातक क्षण कपलिंग (दोन पाइपांमधला जोड) सुटल्यानंतरचा. खालचा पाइप क्लॅम्पवर बसलेला, वरचा पान्यानं मोकळा केलेला, आणि तिघेचौघे त्याला बुडाशी धरून आडवा करताहेत. पकड खाली, शेंडा वीस फुटांवर. तो एकदा कलला की हातांनी सावरत नाही. ११ केव्हीच्या एका तारेत जमिनीच्या तुलनेत साधारण ६,३५० व्होल्ट असतात. पाइप धरलेले सगळेच एकदम सापडतात. रबरी बूट, सुकी काठी यांवर इथं अजिबात भरवसा ठेवू नका.

म्हणून आधी टेप लावा, तीही जमिनीवरच: बोअरच्या तोंडापासून सगळ्यात जवळच्या तारेच्या बरोबर खालच्या जागेपर्यंत. पाइपची लांबी अधिक ३ मीटर, म्हणजे ३० फूट तरी मोकळे हवेत. क्रेनची गाडी असेल तर बूमची पूर्ण लांबी धरा. अंतर कमी भरलं तर लाईन बंद झाल्याशिवाय पाइपला हात लावायचा नाही.

'लाईट गेलीय तोवर उरकून घेऊ' हा विचार तर मनातही आणू नका. फीडर (उपकेंद्रातून निघालेली लाईन) ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, की उपकेंद्रातून काही मिनिटांत पुन्हा चालू करून बघतात. डीपीचे (ट्रान्सफॉर्मरचे) लघुदाबाचे फ्यूज काढले तरी वरची ११ केव्ही जिवंतच असते. लाईनमननं परमिट (लाईन बंद ठेवून काम करायची लेखी परवानगी) घेतलं, एबी स्विच (खांबावरचा लाईन तोडायचा स्विच) उघडून कुलूप घातलं, तारा अर्थ केल्या म्हणजे जमिनीला जोडल्या, की मगच लाईन बंद समजायची. तो स्विच आपण ओढायचा नाही.

नव्या बोअरसाठी चारी खणताना विटांची ओळ किंवा इशाऱ्याची पट्टी दिसली तर जेसीबी तिथेच थांबवा. ११ केव्हीची केबल साधारण ९० सेंटीमीटरवर असते, पण वर भराव उकरला गेला असेल तर तेवढीही खोल सापडत नाही.

पाइप तारेला लागलाच, तर माणसाला ओढायला धावू नका. किमान १० मीटर लांब राहा. जवळ असाल तर पाय न उचलता, पावलाला पाऊल घासत मागे सरका; जमिनीतही विजेचा दाब पसरलेला असतो, आणि दोन पायांत जितकं अंतर तितका झटका जास्त. १९१२ ला फोन करून लाईन बंद करायला सांगा. बंद झाल्याची खात्री पटल्यावरच जवळ जा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ सेंटीमीटर खोल दाब द्या. १०८ ची गाडी येईपर्यंत थांबू नका.